दुचाकीवरून हिमकण पाहायला जाताना

विट्यात थंडी पडते, पण दव गोठलेले पाहायचे तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात जावे लागते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गवत आणि गाड्यांचे टप हवेपेक्षाही गार होतात. मग पहाटे त्यांवर पांढरा थर दिसतो. ऊन चढले की तो गेला!

म्हणून पोरे मध्यरात्रीच मोटारसायकल काढतात. चूक इथेच होते. कडेगाव, कराड, सातारा, मेढा आणि पुढे केळघर घाट, असा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. त्यात हाच उसाचा हंगाम. मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अंधारात, धुक्यात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, आदल्या दिवशी सकाळीच निघा आणि तिथे मुक्काम करा. हातमोजे घाला, सदऱ्याखाली छातीशी वर्तमानपत्र ठेवा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. परत निघताना ऊन पडू द्या. एका मुक्कामाचा खर्च कष्टाच्या पैशातून जातो खरा. पण घरी वाट पाहणाऱ्या आईला पोर धडधाकट परत मिळते.