भास्करपंत आणि अलिवर्दी: एका दशकाचा डाव

‘द वॉरिंग स्टेट्स’ हा २०११चा चिनी चित्रपट सुन बिन आणि पांग जुआन या दोन युद्धनीतिज्ञांच्या वैरावर उभा आहे. दोघे एकाच गुरूचे शिष्य, अशी आख्यायिका. पांग जुआनने कपटाने सुन बिनला अपंग केले आणि मालिंगच्या लढाईत सुन बिनने त्याचा हिशेब चुकता केला. माघारीच्या वाटेवर त्याने छावणीतल्या चुली रोज कमी केल्या: आधी एक लाख, मग पन्नास हजार, मग तीस हजार. शत्रूचे लोक पळून चालले, असा समज करून घेत पांग जुआन घाईने पाठलागावर निघाला आणि अरुंद वाटेत सापडला.

असाच एक सामना नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासातही आहे. तो दहा वर्षे चालला, तोही नागपूरपासून शेकडो कोस दूर, बंगालात.

एका बाजूला रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत. दुसऱ्या बाजूला नवाब अलिवर्दी खान. अलिवर्दीने १७४०मध्ये गिरियाच्या लढाईत सरफराज खानाला मारून बंगालची गादी घेतली होती, मग ओरिसाच्या सुभेदारालाही हुसकावले होते. त्यामुळे दुखावलेली माणसे बरीच होती. त्या सुभेदाराचा नायब मीर हबीब त्यांपैकी एक.

१७४२च्या एप्रिलमध्ये अलिवर्दी कटकहून परतत असताना भास्करपंतांच्या घोडेस्वारांनी त्याला बर्दवानजवळ गाठले. पंतांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. नवाबाच्या फौजेभोवती फेर धरून त्यांनी तिची रसद तोडली, सामान लुटले आणि आसपासची गावे जाळली. परत जाण्यासाठी त्यांनी दहा लाख मागितले. अलिवर्दीने नकार दिला. उपासमार सुरू झाल्यावर तो दहा लाख द्यायला तयार झाला, तेव्हा पंतांनी मागणी एक कोट रुपये आणि सगळे हत्ती इथवर नेली. इथे पंतांनी फार ताणले, असे वाटते. हातातला सौदा गेला आणि नवाब लढत लढत काटव्याला पोहोचला.

एव्हाना मीर हबीब मराठ्यांना येऊन मिळाला होता. बंगालच्या वाटा, नद्या आणि खजिने त्याला तोंडपाठ. मे महिन्यात त्याच्याच सल्ल्याने मराठा स्वार मुर्शिदाबादेत घुसले आणि सावकार जगतशेठांची कोठी लुटली गेली. पावसाळ्याआधी परत फिरू पाहणाऱ्या पंतांना त्यानेच थांबवून धरले. काटवा हे मराठ्यांचे ठाणे झाले.

मग अलिवर्दीची पाळी आली. नवरात्राचे दिवस होते. पंतांनी काटव्याजवळ दुर्गापूजेचा थाट मांडला होता. सप्टेंबरअखेरच्या एका रात्री नवाबाने नावांचे पूल बांधून फौज नदीपार करायला घेतली. अजय नदीवरचा पूल मध्येच तुटला, अंधारात कितीतरी शिपाई बुडाले. तरीही जे पार झाले त्यांनी पहाटे छावणीवर झडप घातली. पूर ओसरेपर्यंत शत्रू नदी ओलांडणार नाही, या भरवशावर मराठे गाफील होते. पूजा अर्धवट टाकून त्यांना पळावे लागले आणि वर्षअखेरीस ते चिल्का सरोवरापलीकडे रेटले गेले.

पुढच्या वर्षी खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव नवाबाच्या बाजूने, रघूजींच्या विरोधात बंगालात उतरले. हा तंटा शेवटी साताऱ्यात शाहू महाराजांनी मिटवला आणि बंगालची वाट रघूजींना मोकळी झाली.

१७४४मध्ये भास्करपंत पुन्हा आले. या खेपेला अलिवर्दीने बोलणी लावली. ३१ मार्चला मनकरा इथल्या शामियान्यात पंत आपल्या सरदारांसह भेटीला गेले. कनातींआड हत्यारबंद माणसे दडवली होती. यांतले भास्करपंत कोण, असे नवाबाने विचारले, ओळख पटताच इशारा झाला आणि पंतांसह वीसेक सरदार कापले गेले. छावणीत मागे राहिलेल्या रघूजी गायकवाडांनी उरलेली फौज सुखरूप बाहेर काढली. त्या दिवसाचे खरे सेनापतित्व त्यांचे. त्यांचे नाव नागपुरातही फारसे घेतले जात नाही, याची खंत वाटते.

विश्वासघाताने नवाबाला उसंत तेवढी मिळाली. तो घडवून आणणारा त्याचा सरदार मुस्तफा खान बिहारची सुभेदारी न मिळाल्याने वर्षभरात उलटला. रघूजी भोसले स्वतः चालून आले, कटक मराठ्यांकडे गेले. थकलेल्या, म्हाताऱ्या अलिवर्दीने १७५१मध्ये तह केला: सालाना बारा लाख चौथ आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतच्या ओरिसाचा वसूल.

यावर चित्रपट काढायचा तर अर्धी पटकथा बंगालच्या बाजूने लिहावी लागेल. त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ बंगालीत रचले. जळालेली गावे, पळणारी कुटुंबे आणि स्त्रियांवरचे अत्याचार त्यात नोंदलेले आहेत. कलकत्त्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. भास्करपंतांची चपळाई सांगताना तिची किंमत कुणी मोजली, हे वगळून चालणार नाही.

आणि मीर हबीबाला तर मधोमध जागा द्यावी लागेल. तहानंतर ओरिसाचा कारभार त्याच्याच हाती आला. पण १७५२मध्ये रघूजींचे पुत्र जानोजी यांच्या छावणीत वसुलाच्या हिशेबावरून वाद पेटला आणि ज्या मराठ्यांना त्याने बंगालची वाट दाखवली होती, त्यांच्याच हातून तो मारला गेला.