लाकडाचा मासा, प्लास्टिकचा मासा

टाकीत सोडला तर क्रँकबेट नुसता तरंगत राहतो. बोटभर लांबीचे रंगवलेले लाकूड किंवा प्लास्टिक, दोन डोळे, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ, आणि हनुवटीखालून पुढे आलेली एक पट्टी. या पट्टीला ‘लिप’ म्हणतात. मराठीत जीभ म्हटले तरी चालेल. सगळी करामत तिच्यात आहे. दोरा ओढला की पाणी जिभेवर आदळते, डोके खाली जाते, शेपूट वर उठते आणि दोन्ही अंगांनी सुटणारे पाण्याचे भोवरे त्याला डावी-उजवीकडे हलवत ठेवतात. जीभ लांब आणि आडवी असेल तर तो खोल जातो. आखूड आणि उभी असेल तर हात-दोन हात पाण्याखालून पोहत येतो. रिळाच्या दांड्याला इंग्रजीत क्रँक म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

हे खोटे आमिष वाढले ते अमेरिकेत, बास नावाच्या शिकारी माशासाठी. तिथे जुने क्रँकबेट चांगले की नवे, हा वाद कधी संपतच नाही. जुन्याच्या बाजूने पहिला पुरावा हमखास दिला जातो तो १९३२ सालचा. त्या वर्षी जून महिन्यात जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोचा विक्रमी बास धरला, तो क्रीक चब कंपनीच्या लाकडी आमिषावर. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने जवळपास तेवढ्याच वजनाचा बास काढला आणि विक्रमात वाटा मिळवला. पण त्याच्या गळाला जिवंत ब्लूगिल मासा लावलेला होता. कारखान्यात साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या माशाला तो मान अजून मिळालेला नाही.

जुन्या आमिषांची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र फिनलंडची आहे. लाउरी रापाला हा गरीब मासेमार होडीतून एक गोष्ट रोज पाहत असे: लहान माशांच्या थव्यात एखादा किंचित वेगळा, लंगडत पोहणारा मासा असला की मोठा मासा नेमका त्याच्यावरच झडप घालतो. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बूच कोरून तसा लंगडणारा मासा घडवला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे बुचाची जागा बाल्सा या अतिहलक्या लाकडाने घेतली. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाने त्याच्यावर लेख छापला. मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्‍रो होती, त्यामुळे तो अंक घराघरांत गेला आणि त्याच्याबरोबर रापालाचे नावही.

बाससाठीच्या गोल पोटाच्या क्रँकबेटचे जनकत्व टेनेसीच्या फ्रेड यंग याच्याकडे जाते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो बाल्सातून एकेक आमिष हाताने कोरत असे. आपल्या धिप्पाड भावाच्या, ओडिसच्या, नावावरून त्याने त्याला ‘बिग ओ’ म्हटले. मागणी इतकी आणि माल इतका थोडा, की लोक ते दिवसाच्या भाड्याने नेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉटन कॉर्डेल या कारखानदाराने त्याची प्लास्टिकची आवृत्ती काढली आणि लाखोंनी विकली. लाकडाकडून प्लास्टिककडे जाण्याचा खरा उंबरठा हाच.

लाकूड की प्लास्टिक, हा फरक पाण्याकाठी बसून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. ९ सेंटिमीटरच्या मूळ रापाला फ्लोटरचे वजन जेमतेम ५ ग्रॅम. वारा समोरून असेल तर तो फेकणाऱ्याच्या पायाशीच पडतो. नव्या प्लास्टिकच्या आमिषाच्या पोटात पोलादाच्या किंवा टंगस्टनच्या गोळ्या घरंगळण्यासाठी पन्हळ असते. फेकताना गोळ्या शेपटीकडे धावतात, आमिष तिरासारखे लांब जाते आणि पाण्यात पडल्यावर त्या ‘टक्’ करून पुढे येतात. फेकण्यात नवे जिंकते, याबद्दल दुमत नको.

पण पाण्याखालच्या दगडाला किंवा बुडालेल्या ओंडक्याला जीभ धडकते तेव्हा चित्र पालटते. बाल्साचा मासा धडकताच कलंडतो. ओढ क्षणभर थांबवली की शेपटीच्या दिशेने, उलटा, बुडबुड्यासारखा वर येतो, आणि गळ अडकता अडकता सुटतो. घाबरलेला मासा अडथळ्यावरून जसा सटकतो तशीच ही हालचाल, आणि शिकारी मासा बहुतेक वेळा याच क्षणी तोंड टाकतो. पोकळ प्लास्टिक तुलनेने सावकाश तरंगते. काही नवी आमिषे तर मुद्दाम अशी तोललेली असतात की थांबवली की आहेत तिथेच लोंबकळत राहतात. थंड पाण्यात मंदावलेल्या माशापुढे तेही फार उपयोगी ठरते.

हाताने कोरलेली दोन आमिषे कधीच एकसारखी पोहत नाहीत. एखादे सरळ रेषेत येता येता अचानक बाजूला भरकटते आणि परत वाटेवर येते. अमेरिकेतले गळ टाकणारे याला ‘हंट’ करणे म्हणतात आणि असे आमिष जिवापाड जपतात. गंमत अशी, की हा गुण फक्त लाकडाचा नाही. ओक्लाहोमाच्या स्टॉर्म कंपनीचा ‘विगल वॉर्ट’ १९७०च्या दशकातला, आणि प्लास्टिकचाच. १९९९ मध्ये रापालाने स्टॉर्म विकत घेतली. त्याआधी बनलेल्या वॉर्टसाठी ओझार्क डोंगराळ भागातले शौकीन आजही नव्याच्या कितीतरी पट पैसे मोजतात. त्यांच्या मते जुना वॉर्ट अधिक भरकटतो. उलट रापालाची अलीकडची ‘डीटी’ ही मालिका पुन्हा बाल्साचीच आहे. तिच्या नावातला आकडा ती किती फूट खोल जाते ते सांगतो, आणि ती घडवण्यात १९९३ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा जिंकणाऱ्या डेव्हिड फ्रिट्सचा हात होता. म्हणजे जुने आणि नवे यांच्यात वाटते तेवढी भिंत नाही. जुन्या कारागिराला जे योगायोगाने सापडायचे, ते नवा कारखाना मोजून-मापून घडवू पाहतो.

आपल्याकडे, भोपाळच्या परिसरात, हे सारे आणले तर हिशेब पुन्हा बदलतो. बास हा आपल्या नद्यांचा मासा नव्हे. कोलांस नदीवरचा अकराव्या शतकातला बडा तालाब, म्हणजे राजा भोजाचा भोजताल, आणि आसपासची तळी यांत शिकारी वृत्तीचा मासा म्हणजे मरळ. तो पाणवनस्पतींच्या गर्दीत दबा धरतो. तिथे तिहेरी गळाचा क्रँकबेट दोन हात सरकायच्या आत शेवाळाचा गोळा होऊन बाहेर येतो. जुना असो वा नवा, दोन्ही सारखेच निरुपयोगी. मरळीसाठी वरून सरकणारा रबरी बेडूकच बरा.

भोपाळहून सुमारे ७५ किलोमीटरवर नर्मदापुरमला नर्मदा आहे. तिथला खरा मानकरी महाशीर. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात आणि महाराष्ट्रात खडशी. निसर्ग अभ्यासक सायक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा जातीच्या नावातच ‘खुद्री’ हा स्थानिक शब्द ठेवला. महाशीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांची पकड गोगलगायीचे कवच फोडणारी असते. १८७३ मध्ये एच. एस. थॉमस याने ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले, तेव्हापासून या माशाने चेपलेल्या गळांच्या आणि चुरडलेल्या धातूच्या चमच्यांच्या हकिकती भारतातल्या गळ टाकणाऱ्यांच्या लिखाणात येत राहिल्या आहेत. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महाशीर काढला होता. अशा जबड्यापुढे बाल्साचा नाजूक मासा म्हणजे खारी बिस्किट. इथे जाड भिंतीचे नवे प्लास्टिक आणि जाड तारेचे गळ यांनाच पसंती द्यावी लागते.

शिवाय नर्मदेचा बाडस हा हिमालयातल्या सोनेरी महाशीराइतका शिकारी नाही. पाणवनस्पती, शिंपले, किडे हे त्याचे मोठे अन्न; घाटावर भाविकांनी टाकलेल्या कणकेच्या गोळ्यांवर तो उगाच येत नाही. क्रँकबेटवर तो आलाच तर वाहत्या, खडकाळ पाण्यात. आणि असे पाणी धरणांमुळे आता कमी उरले आहे. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये या माशाला राज्यमासा ठरवले. बडवाहला वनविभागाने खास तळी करून त्याच्या प्रजननाचा प्रयोग केला. लोणावळ्याच्या वळवण तलावाशी टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या अभ्यासाच्या आधारावर १९७०च्या दशकापासून खडशीची पिल्ले वाढवली गेली, ती याच काळजीपोटी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. हा मासा गळाला लागला तर ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच सोडवून परत द्यायला हवा.

म्हणूनच नर्मदेकाठी आमिष बाहेर काढले की पहिले काम पक्कड घेऊन दोन्ही तिहेरी गळ काढण्याचे. त्यांच्या जागी एकेक साधा गळ लावायचा, त्याचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, म्हणजे माशाचा जबडा फाटत नाही. पण एवढ्याने वजन घटते, तोल जातो, आणि काठावर ओढून पाहिले की आमिष एका कुशीवर पोहू लागते. ते डावीकडे जात असेल तर नाकातली कडी केसभर उजवीकडे वाकवायची आणि पुन्हा ओढून पाहायचे. प्लास्टिकच्या आमिषाला हे दहा वेळा केले तरी चालते. जुन्या लाकडी आमिषाची कडी मात्र नुसती लाकडात पिळून बसवलेली असेल, तर एकदाच, फार हलक्या हाताने वाकवायची. ती सैल झाली की पाणी आत शिरते, लाकूड फुगते आणि रंगाला तडे जातात.