मार्शल लुकनर : एका परदेशीय सेनापतीचा उत्कर्ष आणि अंत

फ्रान्सचें राष्ट्रगीत ‘ला मार्सेयेज’ या नांवानें सर्व जगाला परिचित आहे. परंतु १७९२ च्या एप्रिल महिन्यांत स्ट्रासबुर्ग शहरीं तें रचलें गेलें, तेव्हां त्याचें नांव ‘ऱ्हाईनच्या सैन्याचें रणगीत’ असें होतें, आणि कवीनें तें त्या सैन्याच्या सेनापतीला अर्पण केलें होतें. हा सेनापति जन्मानें फ्रेंच नव्हता, जर्मन होता. त्याचें नांव निकोलस लुकनर. असा बहुमान पावलेल्या या पुरुषाचा पावणेदोन वर्षांच्या आंत त्याच फ्रान्सनें शिरच्छेद केला. हें कां घडलें, याचा आज आपण थोडक्यांत विचार करूं.

लुकनरचा जन्म १२ जानेवारी १७२२ रोजीं बव्हेरियांतील ‘काम’ नांवाच्या लहानशा शहरीं झाला. शिपाईगिरी हाच त्याचा व्यवसाय. त्या काळीं युरोपांतील सैनिक हा राष्ट्राचा नसून राजाचा चाकर असे. एका राजाची चाकरी संपली कीं त्यानें दुसऱ्याची धरावी, यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे. लुकनर प्रथम बव्हेरियाच्या व पुढें हॅनोव्हरच्या सैन्यांत होता. सप्तवार्षिक युद्धांत (१७५६-१७६३) हुसार म्हणजे हलक्या घोडदळाचें पथक घेऊन त्यानें फ्रेंचांशीं अशी कांहीं झुंज दिली कीं, १७६३ मध्यें खुद्द फ्रान्सनेंच त्याला लेफ्टनंट जनरलचा हुद्दा देऊन आपल्या पदरीं ठेवलें. कालचा शत्रु आजचा सरदार झाला.

१७८९ मध्यें राज्यक्रांति झाली. सैन्यांतील कित्येक उमराव अधिकारी देश सोडून गेले. लुकनर मात्र क्रांतीच्या बाजूस राहिला. अनुभवी सेनानींची वाण पडली असतां अशा वृद्ध योद्ध्याचें मोल वाढलें. २८ डिसेंबर १७९१ रोजीं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, तो फ्रान्सचा मार्शल झाला.

२० एप्रिल १७९२ रोजीं फ्रान्सनें ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलें. मे महिन्यांत लुकनरकडे उत्तरेकडील सैन्याचें आधिपत्य आलें. जूनमध्यें त्यानें ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील बेल्जियममध्यें शिरून मेनिन व कूर्त्रे हीं शहरें घेतलीं, आणि महिना संपतां संपतां तो लील येथें परत फिरला. जुन्या पद्धतीच्या युद्धांत अशी माघार नित्याचीच. पण पॅरिसच्या जनतेला ती सहन होईना. त्यांत लुकनरची फ्रेंच भाषा मोडकीतोडकी, आणि पक्षोपक्षांचें राजकारण त्याला उमजत नसे. जुलैमध्यें तो पॅरिसला आला असतां, सेनापति लाफायतनें राजधानीवर सैन्य नेण्याची गोष्ट आपणाजवळ काढली होती, असें तो एका मेजवानींत बोलल्याचा बोभाटा झाला. मागाहून त्यानें तें लेखी नाकारलें. दोन्ही पक्षांचा विश्वास उडण्यास एवढें पुरेसें होतें.

१० ऑगस्टला राजसत्ता कोसळली. थोड्याच दिवसांत लाफायत सरहद्द ओलांडून गेला. लुकनरला ‘जनरलिसिमो’ ही भारदस्त पदवी मिळाली, परंतु काम उरलें तें शालों येथें नव्या स्वयंसेवकांची जमवाजमव करण्याचें. लवकरच तेंहि गेलें.

एप्रिल १७९३ मध्यें सेनापति द्यूमूरिए शत्रूस जाऊन मिळाला, आणि पराभव म्हणजेच फितुरी, असें समीकरण रूढ होऊं लागलें. तरीहि त्याच वर्षीच्या मे महिन्यांत क्रांतिकारक न्यायासनानें मिरांडा या व्हेनेझुएलांत जन्मलेल्या सेनापतीस निर्दोष सोडलें होतें. १७ सप्टेंबरला संशयितांचा कायदा झाला, त्यानंतर मात्र अशी सुटका दुर्मिळ झाली. लुकनरला देहांताची शिक्षा झाली, आणि ४ जानेवारी १७९४ रोजीं गिलोटीनखालीं त्याचा अंत झाला. ज्याच्या आग्रहावरून तें रणगीत रचलें गेलें, तो स्ट्रासबुर्गचा नगराध्यक्ष दीत्रिश सहाच दिवस आधीं त्याच मार्गानें गेला होता.

लुकनर केवळ परका म्हणून मारला गेला, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. कारण क्युस्तीन व बिराँ हे अस्सल फ्रेंच सेनापतीहि त्याच वधस्तंभावर चढले. खरें कारण अधिक खोल आहे. राजा चाकराकडून तलवार विकत घेई; तो कोणत्या देशाचा, हें विचारीत नसे. राष्ट्र धनी झालें, तेव्हां त्यानें तलवारीबरोबर अंतःकरणहि मागितलें. अंतःकरण कोणाला दाखवितां येत नाहीं. म्हणून माघार, अडखळती भाषा, मागें घेतलेला शब्द, यांवरूनच त्याची परीक्षा होऊं लागली. लुकनर ज्या नीतीनें आयुष्यभर वागला, ती नीतीच मध्यंतरीं पालटली; आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या शिपायाला नवी शिकण्यास अवधि मिळाला नाहीं.

त्याच्या जन्मगांवीं मात्र त्याची आठवण राहिली आहे. बव्हेरियांतील त्या शहराच्या नगरभवनावरील घंटा रोज दुपारीं बारा वाजून पांच मिनिटांनीं ‘ला मार्सेयेज’चे सूर वाजवितात.