गिमवीतला कृमीशोध

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी हे गाव परजीवीशास्त्राच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी इथे ‘शिस्टोसोमा हिमॅटोबियम’ या कृमीची लागण माणसांत असल्याचं दाखवून दिलं. थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत शोधलेला हा कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहतो आणि लघवीतून रक्त जायला लावतो. आफ्रिकेतला हा आजार कोकणात कसा?

या कृमीच्या अळ्यांना आसरा द्यायला तर पाण्यातली गोगलगाय लागतेच. आफ्रिकेत हे काम बुलिनस जातीच्या गोगलगायी करतात. गिमवीत संशय गेला तो ‘फेरिसिया टेन्युइस’वर. जेमतेम काही मिलिमीटरची ही गोगलगाय पाण्यातल्या पानांना चिकटून असते आणि सहज नजरेतून सुटते. मला या साऱ्या कथेत तीच सर्वांत विलक्षण वाटते.

माणसांत रोग आहे हे दाखवायला लघवीत कृमीचं एक अंडंही पुरतं. तो नाही हे दाखवणं फार अवघड. अंडी दुपारच्या सुमारास सर्वाधिक बाहेर पडतात, म्हणून लघवीचा नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत घेतात. त्यातली १० मिलिलिटर लघवी बारीक जाळीच्या पडद्यातून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एका टोकाला काटा असलेलं अंडं हीच या कृमीची ओळख. मात्र लागण हलकी असेल तर अंडी हुकतात.

मग दुसरा मार्ग गोगलगायींचा. त्या गोळा करून पाण्यात, उजेडात ठेवतात. लागण झालेल्या गोगलगायीतून दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या बाहेर येतात. पण गुरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्याही अशाच दिसतात. त्यामुळे भारतात नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, जनुकीय तपासणी लागते.

तिसरा मार्ग रक्ताचा. गिमवीतल्या लोकांच्या रक्ताची जेल डिफ्युजन पद्धतीने केलेली तपासणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. या चाचण्या कृमीविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधतात, आणि ती लागण संपल्यावरही बराच काळ रक्तात राहतात. म्हणून खरं लक्ष ठेवावं लागतं ते लहान मुलांवर. आजोबांच्या रक्तातली खूण जुन्या लागणीची असू शकते. पाच वर्षांच्या मुलात ती आढळली, तर पाण्यातला संसर्ग त्या मुलाच्या आयुष्यातच झाला असण्याची दाट शक्यता असते, आणि तपासणी पथकाला पुन्हा पाण्याकाठी जावं लागतं.