खानापूरचा मुद्देमाल

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली गाडी खानापूर सोडते आणि पुढचं स्टेशन येतं गुंजी. माउली देवीचं गाव, चहूकडे रान, आणि पावसाळ्यात दिवस-दिवस न उघडणारा पाऊस. या मुलखाचा न्यायसहायक विज्ञानाशी काय संबंध, असं विचारलं तर चटकन उत्तर सुचणार नाही. पण वादग्रस्त दस्तऐवज तपासणाऱ्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या तज्ज्ञांना वर्षानुवर्षं कामाला लावणारा माणूस याच तालुक्यातला. अब्दुल करीम तेलगी, जन्म १९६१, खानापूर. वडील रेल्वेत नोकरीला होते, ते लवकर गेले, आणि पोरगा गाड्यांमध्ये फळं विकत शिकला. पुढे त्याने विकले ते बनावट मुद्रांक, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे.

तेलगीपर्यंत पोचण्याआधी मात्र बरण्यांची गोष्ट सांगायला हवी.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. खानापूर-निपाणीकडे विषबाधेचा संशय आला की व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, बरण्यांतून जायचा मुंबईला, सरकारी केमिकल अॅनालायझरकडे. ही प्रयोगशाळा १८७० सालची. मद्रास, कलकत्ता आणि आग्र्यानंतरची देशातली चौथी. महाराष्ट्रातले पोलीस आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात, ते त्या केमिकल अॅनालायझरमुळे. १९५८ मध्ये मुंबईत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा उभी राहिली, पण जुनं नाव पोलिसांच्या तोंडून गेलं नाही. बेळगाव तोवर म्हैसूर राज्यात गेलं होतं. १९६७ मध्ये बंगळुरात कर्नाटकची प्रयोगशाळा झाली आणि खानापूरच्या बरण्यांनी दिशा बदलली.

त्या बरण्यांत काय असतं, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. एका बरणीत जठर आणि त्यातला ऐवज, सोबत लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे. रक्त वेगळं. अवयव सगळे मिठाच्या संपृक्त द्रावणात, तोंडाशी लाखेचं सील. आणि आणखी एक छोटी बाटली, जिच्यात नुसतं मिठाचं पाणी. नवख्याला ती निरुपयोगी वाटते, पण अनुभवी विश्लेषक आधी तीच आहे का ते बघतो. कारण उद्या वकील विचारणार, ‘विष तुमच्या मिठातच नव्हतं कशावरून?’ मग लाखेवरचा ठसा आणि पोलिसांनी कागदावर पाठवलेला नमुना ठसा जुळतो की नाही, हे पाहायचं. तो जुळला नाही तर आतलं रसायनशास्त्र कितीही चोख असो, खटल्यात त्याला किंमत उरत नाही. या धंद्याचा पहिला धडा हाच, आणि तो रसायनशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नसतो.

मग हे शिकवत कोण होतं? वरिष्ठ. दुसरी सोयच नव्हती. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये हा विषय पदवीला आणला आणि दिल्लीत १९७२ मध्ये गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाची केंद्रीय संस्था निघाली. पण महाराष्ट्र-कर्नाटकातला सर्वसाधारण रस्ता एकच होता. रसायनशास्त्रात एमएस्सी करायची, सरकारी जागा निघण्याची वाट पाहायची आणि रुजू झाल्यावर वरिष्ठांच्या शेजारी उभं राहून शिकायचं. रुक्मणी कृष्णमूर्ती नागपूर विद्यापीठातून शिकून १९७४ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, त्या याच रस्त्याने. पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड, १९९३चे मुंबई बॉम्बस्फोट, तेलगीचे मुद्रांक असे राज्याला हादरवणारे खटले त्यांच्या कारकिर्दीच्या काळात प्रयोगशाळेत आले. पुढे त्या संचालक झाल्या. न्यायसहायक प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी बसलेल्या देशातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २००८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर या विषयाची पदवी देणारी एकही सरकारी संस्था महाराष्ट्रात नव्हती. आश्चर्य वाटावं, पण हे असंच होतं.

त्या पिढीचं मोठेपण मोजायला आणखी एक दाखला आहे. गाजलेल्या खटल्यांच्या गर्दीत त्याची कुणी आठवण काढत नाही. मराठी मुलखातल्या विषबाधांमध्ये कीटकनाशकं फार. ऊस, कापूस, तंबाखू पिकवणाऱ्या घरात ती बाटली हाताशीच असते. जठरातल्या ऐवजात नेमकं कोणतं कीटकनाशक आहे, हे ओळखायला विभागीय प्रयोगशाळांकडे महागडी यंत्रं नव्हती. होती ती काचेची पट्टी. तिच्यावर सिलिका जेलचा पातळ थर द्यायचा, अर्काचे थेंब ठेवायचे, पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतो, घटक आपापल्या उंचीवर थांबतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. वरून रसायनाचा फवारा मारला की ठिपके रंगतात. फवारा कोणता, यावर सगळा खेळ. औरंगाबादच्या विभागीय प्रयोगशाळेतल्या व्ही. बी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकेका कीटकनाशकासाठी असे नवे फवारे शोधले, आणि ते निबंध ‘अॅनालिस्ट’सारख्या परदेशी नियतकालिकांत छापून आले. सरकारी नोकरी, टेबलावर बरण्यांचा ढीग, आणि त्यातून वेळ काढून केलेलं संशोधन! मराठी वाचकाला एव्हाना यांची नावं तोंडपाठ असायला हवी होती.

आता तेलगी. १९९४ मध्ये त्याला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रसामग्री त्याने हस्तगत केली होती, असं तपासात पुढे आलं. इथे दस्तऐवज तपासणाऱ्याची खरी पंचाईत झाली. साधा बनावट कागद अतिनील दिव्याखाली धरला की निळसर पांढरा चमकतो, कारण बाजारातल्या कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं. सुरक्षा कागद तसा चमकत नाही. खरा जलचिन्हाचा ठसा कागद ओला असतानाच जाडी कमी-जास्त करून उमटवलेला असतो, नकली ठसा बहुधा वरून छापलेला. या ढोबळ खुणा. पण छपाईचं यंत्रच सरकारी वळणाचं असेल, तर ढोबळ खुणांवर भागत नाही. रेषेच्या कडा, शाईचा थर, अनुक्रमांकाच्या अंकांची ठेवण, छिद्रांमधलं अंतर अशा बारकाव्यांवर उतरावं लागतं, आणि प्रत्येक मताला कारण द्यावं लागतं. ‘मला तसं वाटलं’ हे साक्षीच्या पिंजऱ्यात चालत नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेरमध्ये अटक झाली. बंगळुरात त्याची नार्को चाचणी झाली आणि तिचं चित्रण वाहिन्यांवर इतकं गाजलं की न्यायसहायक विज्ञान म्हणजे इंजेक्शन देऊन माणसाला बोलतं करणं, असा समज घरोघरी पसरला. वस्तुतः दोषसिद्धीसाठी कागदच उपयोगी पडतात, आणि औषधाच्या गुंगीत बाहेर पडलेल्या बडबडीवर कुणाला शिक्षा होऊ नये, हे बरंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. त्याआधी, जून २००७ मध्ये, पुण्याच्या विशेष न्यायालयाने तेलगीला तेरा वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड सुनावला होता. २६ ऑक्टोबर २०१७ ला बंगळुरात त्याचा मृत्यू झाला.

त्याच वर्षी खानापूर तालुका पुन्हा बातम्यांत येण्याची सुरुवात झाली होती. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांची हत्या झाली. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गी. लंकेश प्रकरणाच्या तपासात खानापूर तालुक्यातल्या जंगलाचं नाव आलं. तिथे नेमबाजीचा सराव झाल्याचा आरोप तपास पथकाने ठेवला. बंगळूरच्या प्रयोगशाळेने कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर झाडलेल्या गोळ्या एकाच ७.६५ मिमी गावठी पिस्तुलातल्या असल्याचा अभिप्राय दिला.

गावठी पिस्तूल हे शस्त्रतज्ज्ञाला अवघड दुखणं. कारखान्यातल्या नळीत आतून आटे असतात आणि गोळीवर त्यांच्या रेघा नेमाने उठतात. गावठी नळीत हे आटे नसतात किंवा ओबडधोबड असतात, त्यामुळे रिकाम्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनच्या टोकाने पाडलेली खूण आणि मागच्या पोलादाचा उमटलेला ठसा यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून तासन्‌तास बघायचं काम. आधीच्या तीन हत्यांबाबत निरनिराळ्या प्रयोगशाळांचे अभिप्राय जुळेनात, तेव्हा सीबीआयने गोळ्या स्कॉटलंड यार्डकडे पाठवायचं ठरवलं होतं. ते काही झालं नाही. विज्ञान एकच असताना मतं दोन कशी, असा प्रश्न सामान्य माणसाला पडतो आणि तो रास्त आहे. उत्तर प्रशिक्षणात आहे. यंत्र खूण मोठी करून दाखवतं. ती जुळते असं म्हणायची जबाबदारी माणसाची. ती नजर घडायला वर्षं जातात आणि तिचा दर्जा सगळीकडे सारखा राहील अशी व्यवस्था आपल्याकडे उशिरा सुरू झाली.

सुरू झाली हेही खरं. गुजरातने २००८ च्या सुमारास वेगळं विद्यापीठच काढलं. मुंबईत २००९ मध्ये शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आली, मागोमाग नागपूर आणि औरंगाबाद. ऑक्टोबर २०२० मध्ये गुजरातचं विद्यापीठ राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झालं, आणि २८ जानेवारी २०२३ रोजी धारवाडात त्याच्या संकुलाची पायाभरणी झाली. गुंजीच्या पोराला लोंढ्यात गाडी बदलून जाता येईल इतकं ते जवळ आहे. बेळगावात कर्नाटकची विभागीय प्रयोगशाळा आहे, कोल्हापुरात महाराष्ट्राची.

मात्र पदवी हातात आली म्हणजे तज्ज्ञ झालो, असं मानणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि खासगी महाविद्यालयांच्या जाहिराती त्यात तेल ओततात. टीव्ही मालिका बघून आलेल्या मुलांना घटनास्थळी धावायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेकांचा दिवस टेबलापाशी जातो: मुद्देमाल नोंदवणं, सील तपासणं, टिपण लिहिणं, आणि समन्स आलं की दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन बाहेरच्या बाकावर ताटकळणं. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल कायद्याने पुरावा म्हणून थेट दाखल होऊ शकतो. पण न्यायालयाने बोलावलं तर जावंच लागतं, आणि उलटतपासणीत वकील जुन्या टिपणातली एखादी खाडाखोडही सोडत नाही.

सीमाभागातल्या मुलांचा प्रश्न आणखी एका वळणाचा. कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा आड येते. मराठी माध्यमात शिकलेल्याने ती आधीपासून मनावर घ्यावी, ऐनवेळी रडून उपयोग नाही. दुसरीकडे, महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या शासकीय भरतीत अर्ज करायची मुभा आहे. सीमावादाचा इतका तरी उपयोग करून घ्यावा. दोन्ही दारं ठोठावता येतील असा योग देशात फार कमी जणांच्या नशिबी असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं बंधनकारक आहे. कर्नाटकने त्याआधीच ‘सीन ऑफ क्राइम ऑफिसर’ अशी पदं निर्माण केली होती. तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय विद्यापीठाचा बीएस्सी-एमएस्सी एकत्रित अभ्यासक्रमही पाच वर्षांचाच आहे. २०२४ मध्ये बारावी होऊन त्याला प्रवेश घेतलेली मुलगी २०२९ मध्ये, मुदत संपते त्याच वर्षी, बाहेर पडेल.