६१७ आकडी मोर्तब

आधार कार्डावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाशी एकदा खेळून बघा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि आधार प्राधिकरणाचं क्यूआर तपासणारं अ‍ॅप उघडून कॅमेरा चौकोनावर धरा. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो पडद्यावर येतात, आणि ही माहिती प्राधिकरणानेच दिली आहे याची खात्रीही मिळते. प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूच्या कोडिगेहळ्ळीत. तुम्ही समजा नंदुरबारच्या टेंभलीत बसला आहात, जिथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. त्या घडीला दोन्ही ठिकाणांमध्ये कसलाही संपर्क नाही. मग खात्री दिली कोणी?

ती दिली चौकोनातल्या शेवटच्या २५६ बाइटांनी. तीच डिजिटल सही.

सही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाईची वळणं येतात. पण हाताच्या सहीत एक मोठी खोट आहे: ती सगळ्या कागदांवर सारखीच असते, म्हणून एका कागदावरून गिरवून दुसऱ्यावर उतरवता येते. आपले जुने कारकून हे ओळखून होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी एक ओळही घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथूनच आला. तरी मधला एखादा शब्द खरवडला, तर मोर्तबाला ते कळायचं नाही. डिजिटल सहीला कळतं, कारण ती मजकुरातूनच जन्मते. मजकूर बदलला की जुनी सही त्याला लागू पडत नाही.

हे कसं होतं ते कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली शोधलेली ही रीत. आधारच्या चौकोनातही तीच वापरतात. समजा मी ३३ आणि ३ या दोन संख्या गावभर जाहीर केल्या आणि ७ ही संख्या स्वतःपाशी लपवून ठेवली. मला ‘२’ या निरोपावर सही करायची आहे. सात वेळा २ मांडून गुणाकार केला, १२८ आले. त्याला ३३ने भागलं, बाकी उरली २९. ही माझी सही. तुम्हाला ७ ठाऊक नाही, पण तपासायला ते लागतही नाही. २९चा घन करा, २४,३८९ येतील. ३३ने भागा, बाकी २. निरोप परत हातात आला! सही करायला गुपित लागतं, तपासायला लागत नाही. पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं.

आता भामट्याच्या जागी बसून बघू. याच रीतीने ‘३’ची सही येते ९. भामट्याकडे माझ्या दोन खऱ्या सह्या आहेत, २९ आणि ९. त्याने त्यांचा गुणाकार केला, २६१. ३३ने भागून बाकी ३०. आता ३०चा घन २७,०००, त्याला ३३ने भागलं की बाकी ६. म्हणजे ‘६’वर मी कधीच सही केली नव्हती, तरी त्याखाली माझी अस्सल सही तयार! गुपिताला हातही न लावता.

म्हणून सही मूळ मजकुरावर थेट करत नाहीत. आधी मजकुराचा एक ठरावीक लांबीचा गोषवारा काढतात. आधारमध्ये तो २५६ बिटांचा असतो. एक अक्षर बदललं तरी हा गोषवारा पार वेगळा येतो. त्याला ठरलेल्या साच्यात बसवून मगच सही होते, आणि गुणाकाराची ती चलाखी तिथेच अडते.

पण उद्या कोणी नवी चलाखी काढली तर? गोल्डवासर, मिकाली आणि रिव्हेस्ट यांनी १९८८ साली सुरक्षिततेची जी कसोटी प्रसिद्ध केली, ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. भामट्याला हवं ते द्या, असं ते म्हणाले. तो मागेल त्या मजकुरावर सही करून द्या, आधीच्या सह्या बघून पुढचा मजकूर निवडायची मुभाही द्या. एवढं करूनही त्याला एकाही नव्या मजकुराची, अगदी अर्थहीन मजकुराचीसुद्धा, खोटी सही बनवता आली नाही, तरच ती योजना सुरक्षित. कुलूप विकताना चोराला कारखान्यात पाहुणा म्हणून ठेवण्यासारखंच हे.

माझं ७ हे गुपित मात्र तकलादू होतं. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे शाळकरी पोरही सांगेल, आणि ते कळलं की ७ शोधणं सोपं. आधारच्या सहीत ३३च्या जागी ६१७ आकडी संख्या असते, तीही अशीच दोन मूळ संख्यांचा गुणाकार. संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याची पक्की रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण अवयव पाडायची झटपट रीत आजच्या संगणकांसाठी कोणालाच सापडलेली नाही. २०२० मध्ये २५० आकडी संख्या फोडली गेली, तेव्हा एकट्या प्रोसेसर-कोरला सुमारे २,७०० वर्षं लागली असती एवढं काम करावं लागलं.

पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे अवयव पाडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतलं क्वांटम संगणनाचं केंद्र आहे बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत. आणि अशा संगणकालाही दाद न देणाऱ्या सह्यांची पहिली मानकं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. कुलूपवाले आधीच कामाला लागले आहेत.

तोवर तुमच्यासाठी एक विनंती. भाडेकरूने किंवा नव्या कामगाराने आधारची प्रत दिली, तर छापलेलं वाचून थांबू नका. छापील नाव कोणीही बदलू शकतो. चौकोन स्कॅन करा. आणि पडद्यावरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघा, कारण तेवढं काम ही सही करत नाही.