विश्लेषण : काजवा महोत्सवाची जाहिरात जोरात, पण काजव्यांचे काय?

मे महिना सरत आला की ‘काजवा महोत्सव’ सहलींच्या जाहिराती मोबाइलवर झळकू लागतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची अशा सह्याद्रीतील ठिकाणी मुंबई, पुणे, नाशिकहून पर्यटक जातात. मात्र या महोत्सवाचे आकर्षण म्हणजे एका कीटकाचा विणीचा हंगाम आहे. त्यामुळे त्याची जाहिरात कशी आणि किती करावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विकले जाते ते नेमके काय?

पूर्वी पर्यटनाच्या जाहिरातीत ठिकाण असे: किल्ला, धबधबा, मंदिर. आता ‘अनुभव’ विकला जातो. काजव्यांच्या सहलीत धरण किंवा डोंगर दुय्यम असतो. अंधारातला तासभर हाच खरा माल. हा हंगाम साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा. पाऊस जोर धरू लागला की काजवे दिसेनासे होतात. दिवस मोजके आणि त्यातही शनिवार-रविवारचीच मागणी, म्हणून सगळी गर्दी दोन-तीन आठवड्यांच्या शेवटी एकवटते.

काजवे का लुकलुकतात?

त्यांच्या शरीरातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन थंड प्रकाश निर्माण होतो. ही नर-मादीची खूण असते. नर चमकत राहतो, मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, जमिनीलगतच्या ओलाव्यात जाते. पंख फुटल्यावर हाती उरतात ते जेमतेम काही दिवस किंवा आठवडे.

गर्दीने काय बिघडते?

गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश यांच्या उजेडात ही खूण हरवते आणि मीलन लांबते किंवा चुकते. अनेक प्रजातींच्या माद्या गवतात, झुडपांत बसतात. पायवाट सोडून झाडाखाली शिरणाऱ्यांच्या पायांखाली त्या आणि अळ्या चिरडल्या जातात. यंदा विण कमी झाली, तर त्याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसतो.

जाहिरातीतले झाड खरे असते का?

झाड खरे, पण दृश्य बहुधा अनेक मिनिटांचे. छायाचित्रकार कॅमेरा स्थिर ठेवून लागोपाठ बरीच छायाचित्रे घेतात आणि ती एकावर एक जोडतात. डोळ्यांना मात्र एका क्षणी तेवढेच काजवे दिसतात जेवढे त्या क्षणी चमकतात. तसेच दृश्य दिसेल या अपेक्षेने आलेला पर्यटक मग आणखी जवळ जातो, मोबाइल उगारतो.

मग महोत्सव बंदच करावा का?

तसे केल्यास गावांचे नुकसान होईल. अकोले तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर कुटुंबांना पेरणीच्या तोंडावर मुक्काम, जेवण, वाटाड्याचे काम यांतून रोख पैसा मिळतो. जंगल राखण्यात त्यांचाही लाभ आहे, हे यातून सिद्ध होते.

उपाय काय?

विपणनतज्ज्ञ फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही यांनी १९७१ मध्ये ‘डीमार्केटिंग’ची, म्हणजे मागणी जाणीवपूर्वक कमी करण्याची किंवा वळवण्याची कल्पना मांडली. साताऱ्याजवळील कास पठारावर तिचे रूप दिसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि गर्दी वाढली. तेथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली. व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समित्या आहेत. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात तर काजवे पाहण्यासाठी सोडत निघते. अलीकडच्या वर्षांत आठ रात्री, रोज सुमारे १२० गाड्यांनाच प्रवेश मिळतो.

भंडारदऱ्यात वनविभाग प्रवेशशुल्क घेतो. परंतु शुल्काने गर्दी मोजली जाते, थांबत नाही. त्यासाठी रोजची संख्या आधीच ठरवावी लागेल.

पर्यटकांनी काय तपासावे?

सहल सोमवार ते गुरुवारी आहे का, गट लहान आहे का, गाडी दूर उभी करून चालत नेतात का, सोबत स्थानिक वाटाड्या आहे का, हे विचारावे. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावून जमिनीकडे धरावी. ‘हजारो काजव्यांची हमी’ देणाऱ्या जाहिरातीपेक्षा ‘मोबाइल बंद ठेवावा लागेल’ असे आधीच बजावणारा आयोजक अधिक विश्वासाचा.